घाटातील वणवा

आपल्या द्रोणागिरीहून पनवेलमार्गे गोव्याच्या वाटेने निघाले, म्हणजे कर्नाळ्याची खिंड लागते. १९६८ साली स्थापन झालेल्या पक्षी-अभयारण्यातून हा रस्ता जातो, त्यामुळे तेथे अद्यापि सावली आहे. सह्याद्रीतील सर्वच घाटांचे भाग्य असे नाही.

डोंगर कापून रस्ता काढला, की उताराची माती उघडी पडते. तिच्यावर प्रथम उगवते ते गवत, आणि पौष-माघात ते वाळून खडखडीत होते. मग कोणा प्रवाशाने गाडीतून फेकलेले विडीचे जळते थोटूक पुरे होते. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आग उतरणीपेक्षा चढणीवर अधिक वेगाने धावते. कारण ज्वाळा व तप्त हवा वर जात असल्यामुळे वरचे गवत आग पोहोचण्यापूर्वीच तापून तयार असते. म्हणून ठिणगी पडते रस्त्याकडेला आणि जळतो तो माथ्यापर्यंतचा उतार. जुना ऐन पोळूनही तगतो. हातभर उंचीचे रोप तगत नाही. पाचोळाही जळून गेल्यामुळे मृगाच्या सरींचा मारा थेट मातीवर होतो व ती वाहून खाली येते.

अभिनेते श्री. सयाजी शिंदे ह्यांची ‘सह्याद्री देवराई’ ही संस्था उजाड माळांवर व डोंगरांवर देशी झाडे लावून जोपासते. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथील वाळकी काटकीही उचलावयाची नाही, असा गावोगावी दंडक असे. १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी बीडजवळील पालवण येथे ह्या मंडळींनी वृक्षसंमेलन भरविले आणि अध्यक्षपद दिले ते वडाला! भाषण न करणारा अध्यक्ष आणखीही काही संमेलनांस लाभावा, असे कोणास वाटल्यास नवल नाही.

पुढील वर्षी, मार्च २०२१ मध्ये, पुणे-सातारा मार्गावरील कात्रज घाटात वणवा लागलेला पाहून श्री. शिंदे व त्यांचे सोबती तेथेच थांबले आणि तो विझविण्यास धावले. रोप लावण्यास पावसाळ्यातील एक सकाळ पुरते, पण ते जगवावयाचे तर असे कित्येक उन्हाळे राखण करावी लागते. वृत्तपत्रांतील छायाचित्रे बहुधा त्या सकाळचीच असतात!

राखणीचा जुना व खात्रीचा उपाय म्हणजे जाळरेषा. दिवाळीनंतर गवत वाळू लागले, की रस्ता व झाडी ह्यांमधील एक पट्टा कापून, झाडून मोकळा करावयाचा. आग तेथवर येते व खाद्य न मिळाल्याने बसते. द्रोणागिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या पालकांस हे काम नवखे वाटणार नाही; कापलेले गवत गुरांच्या उपयोगी पडते.