घरात मुतणारे पिल्लू

आमच्या बदनापूरकडे शेतवस्तीवर कुत्रे नाही असे घर थोडे. मोसंबीची बाग राखायची, कोंबड्या राखायच्या, रात्री परक्या माणसाची चाहूल द्यायची, ही सारी कामे कुत्रे करते. म्हणून एखादे लेकरू कुठून तरी पिल्लू उचलून आणते. दोन दिवस घरभर कौतुक होते. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणतात, "अगं, हे लई मुतकं हाय! आत्ताच वसरीवर मुतलं, अन् आता चुलीपाशी!" सून सकाळी सारवते, दुपारी पुन्हा पुसते. आठ दिवस असे जातात. मग घरधनी पिल्लाला पोत्यात घालतो आणि जालन्याच्या रस्त्याला सोडून येतो.

तो रस्ता रात्रंदिवस वाहता. पिल्लू गाडीखाली जाते. वाचलेच तर मोकाट होते. पिसाळू नये म्हणून त्याला लस कोण टोचणार? उद्या तेच कुत्रे शाळेला जाणाऱ्या पोराला चावते. शिवाय हे कायद्यालाही धरून नाही. जनावरांचा छळ थांबवण्याचा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. उपाशीतापाशी मरेल अशा रीतीने जनावर टाकून देणे हा त्यात गुन्हा आहे. आणि हे सगळे कशापायी, तर थोड्या मुतापायी. ते कसे आवरावे ते आता पाहू.

पिल्लू हे खोडी म्हणून करत नाही. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्याला आपले आपण मुतताही येत नाही. आई चाटते तेव्हा ते होते, आणि आईच चाटून साफ करते. पुढे पाय धरू लागले की पिल्लू झोपायच्या जागेपासून चार पावले दूर जाऊन मुतते. आपले अंथरूण ओले करायचे नाही, हे कुत्र्याच्या जातीतच आहे. फक्त त्याच्या लेखी घर म्हणजे ते झोपते तेवढे पोते. आपली वसरी, आपले स्वयंपाकघर म्हणजे त्याचे परसू! हे सगळे घरच आहे, हे त्याला हळूहळू कळवायचे असते. म्हणून दोन महिने तरी पिल्लू आईपाशी राहू द्यावे. महिन्याचे पिल्लू उचलून आणले तर आईची शिकवण अर्धी राहते.

दुसरी गोष्ट लघवीच्या पिशवीची. लहान पिल्लाची पिशवी लहान. दोन महिन्यांचे पिल्लू जागेपणी फार तर दोन-तीन तास दम धरते. खेळत असेल तर तेवढाही धरत नाही. दिवसातून दहा-बारा वेळा मुतले तरी त्यात नवल नाही. आपले तान्हे लेकरू किती लंगोट भिजवते? त्याला आपण पोत्यात घालत नाही.

मग करायचे काय? मुतायच्या आधी त्याला बाहेर न्यायचे. ती वेळ ओळखायला पंचांग लागत नाही. झोपून उठले की न्या. खाल्ल्या-प्याल्यावर पाच-दहा मिनिटांत न्या. दंगामस्ती झाली की न्या. एरवी दर दोन तासांनी न्या. खेळता खेळता थांबून जमीन हुंगू लागले, गोल फिरू लागले, की उचलाच. रोज एकच जागा धरा, कडुनिंबाखाली म्हणा, उकिरड्याकडे म्हणा. तिथे जुना वास राहतो आणि त्या वासाने त्याला आठवण होते. रात्री निजताना एकदा न्या, मध्यरात्री एकदा न्या, पहाटे पुन्हा न्या. पोते आपल्या खाटेजवळच ठेवा. पिल्लू कुईकुई करू लागले की समजा, ते सांगते आहे.

नेताना दर वेळी एकच शब्द बोला. "चल, बाहेर." तिथे मुतले की लगेच पाठीवरून हात फिरवा, भाकरीचा तुकडा द्या. घरात आल्यावर दिलेला तुकडा कामाचा नाही. तो कशाबद्दल मिळाला ते पिल्लाला कळत नाही. रशिया देशात पावलोव्ह नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. अन्न देण्याआधी ते कुत्र्याला एक ठरावीक आवाज ऐकवत. पुढे पुढे अन्न नसतानाही नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागली. "चल, बाहेर" या शब्दाचेही तसेच होते.

हे काम कोणाचे? आमचे मत विचाराल तर पिल्लू ज्याने आणले त्याचे. लेकरू शाळेत असेल तेव्हा घरच्या गड्याने उठावे. सगळे सुनेच्या अंगावर टाकले तर पिल्लाचा राग येणारच.

आता माराविषयी. पुष्कळ लोक पिल्लाचे नाक मुतात घासतात आणि चापट मारतात. त्याने पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर मुतू नये. मग ते कणगीमागे, खाटेखाली जाऊन मुतते, आणि बाहेर नेले तरी तुमच्यादेखत मुतत नाही. उलटेच झाले की नाही? आत मुतताना दिसले तर टाळी वाजवा, उचला आणि बाहेर न्या. मुतून गेल्यावर सापडले तर मुकाट्याने पुसून घ्या.

आणखी एक प्रकार आहे. धनी शेतावरून येतो, वाकून हाक मारतो, आणि पिल्लू कान पाडून, उताणे होऊन तिथेच मुतते. हा त्याचा नमस्कार समजा. "तुम्ही मोठे, मी लहान," असे ते म्हणते. रागावलात तर आणखी मुतेल. आल्याआल्या त्याच्याकडे पाहू नका, जरा वेळाने खाली बसून हात पुढे करा. मोठे झाल्यावर ही सवय बहुधा जाते.

मातीच्या भुईत मूत मुरते. वरून नुसते सारवले तर वास आतच राहतो, आणि कुत्र्याचे नाक आपल्यासारखे नाही. ओली माती खरवडून बाहेर टाका, कोरडी माती भरा, मग सारवा. फरशी असेल तर साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. फिनेल ओतून ठेवू नका, चाटले तर पिल्लाला बाधते. पुसल्यावर हात साबणाने धुवा. हाताला जखम असेल तर दुसऱ्याला पुसू द्या. उंदराच्या आणि कुत्र्याच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप माणसाला होऊ शकतो.

खाण्याकडेही बघा. नुसते पातळ दूध नाही तर ताक पाजले तर पिल्लू मुतणारच. खारट कालवण घातले की तहान लागते. कांद्याचे कालवण तर कुत्र्याला अपायच करते. ठरल्या वेळी तीन-चार वेळा थोडे थोडे, भाकरी कुस्करून द्या. पाणी मात्र तोडू नका. आपल्याकडचा उन्हाळा ठाऊकच आहे.

एवढे करूनही पिल्लू घडीघडी बसते, थेंब थेंब मुतते, कण्हते, मुतात रक्त दिसते, फार घाण वास येतो, नाही तर झोपेतही सारखे गळते, तर तो सवयीचा दोष नव्हे, दुखणे आहे. माणसाला उन्हाळी लागते तसे समजा. जनावरांच्या दवाखान्यात न्या. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका, त्या कुत्र्याला विषासारख्या ठरतात. त्याच फेरीत जंताचे औषध विचारा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याची लस टोचून घ्या. ती पुढे दर वर्षी द्यायची.

चार-सहा महिन्यांत बहुतेक पिल्ले दाराशी जाऊन उभी राहू लागतात. पावसाळ्यात थोडी मागे जातात, कारण पावसात पाऊल टाकायला ती राजी नसतात. तेव्हा पत्र्याच्या पडवीखाली चार पाट्या माती टाकून द्या आणि पाऊस उघडेपर्यंत तीच जागा धरा.