सगळ्यांकडे आहे

आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजात शाळेची रिक्षा थांबली की आधी दिसतात त्या दप्तरांना लटकणाऱ्या लबूबू बाहुल्या. सशाचे कान, टोकदार दात विचकलेले. "काय ते ध्यान!" असं तुम्ही म्हटलं असेल. मीही लेकीला म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "आई, छान नाहीच्चे ती. पण सगळ्यांकडे आहे."

यावर काय बोलणार?

जरा आपल्या शाळेत जाऊन या. चिप्सच्या पाकिटातले टाझो आठवतात? चिप्स मऊ निघाल्या तरी चालायचं, आत टाझो कोणता याचीच धाकधूक. तोच पुन्हा निघाला तर मधल्या सुट्टीत अदलाबदली. लबूबूही बंद डब्यात विकतात. कोणती निघेल ते उघडल्यावर कळतं आणि एखादी क्वचितच निघते. युक्ती जुनीच, पण किंमत आता हजारांत.

पण हीच बाहुली का चालली? कासिंग लुंग या चित्रकारानं ती 2015 मध्ये चित्रपुस्तकासाठी काढली. 2019 पासून चीनची पॉप मार्ट कंपनी ती विकू लागली. गलका उठला 2024 मध्ये, ब्लॅकपिंक या कोरियन गायनगटातल्या लिसानं ती मिरवल्यावर. नऊ वर्षं दात तेच होते!

मग असं का होतं? याचा अंदाज अमेरिकेतल्या तीन संशोधकांच्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून येतो. चौदा हजारांवर लोक, 48 अनोळखी गाणी. लोकांचे गट पाडले आणि कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, ते प्रत्येकाला फक्त आपल्याच गटापुरतं दिसे. गटागटात वेगळंच गाणं डोक्यावर घेतलं गेलं. एका गटात पहिलं आलेलं दुसऱ्यात चाळिसावं! अगदी टाकाऊ गाणी सहसा वर आली नाहीत, अगदी चांगली सहसा तळाला गेली नाहीत, पण मधल्यांचं नशीब बरंचसं सुरुवातीच्या थोड्या लोकांनी ठरवलं.

म्हणून मी आता "त्यात आहे काय एवढं?" असं विचारत नाही. "वर्गात पहिली कुणी आणली?" असं विचारते. मग अर्धा तास मैत्रिणींचं राजकारण ऐकायला मिळतं. कुणी कुणाला डब्याला बोलावत नाही, तेही त्यातच कळतं.

क्षिप्राकाठच्या कार्तिक मेळ्यात लेकीनं स्वतःच्या खाऊच्या पैशांतून दीडशेची लबूबू घेतली. "ओरिजिनल ही समझो, दीदी," दुकानदार म्हणाला. बाहुलीचा एक डोळा जरा तिरका होता. सुटे पैसे शोधताना त्यानं खोक्याच्या तळातून एक धुळकट फिजेट स्पिनर काढला. 2017 मध्ये याच्यासाठी पोरांनी घरं डोक्यावर घेतली होती.

"ये ऐसे ही ले जाओ."

घरी येईपर्यंत ती तोच फिरवत होती. लबूबू पिशवीत होती.