माल बदलला तरी चालतो, वचन मोडलं की दुकान जातं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'धंदा वाढवणं' आणि 'धंदा टिकवणं' यातला फरक बघितला. उदाहरणं तिथे घाईघाईत झाली, म्हणून इथे सावकाश मांडतो. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

आमच्या बुधवार पेठेत सध्या एकच चर्चा. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्याला ऑनलाइन सवलतीची धास्ती. तापकीर गल्लीत गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून म्हणतं, "इथे तर कमी भाव आहे." मग दुकानदार विचारतो, नवीन माल आणू, की आहे तेच धरून बसू? दोन्ही रस्त्यांनी लोक टिकलेत आणि दोन्ही रस्त्यांनी बुडालेतही. म्हणून आज तीन उदाहरणं बघू.

१. किर्लोस्कर: माल बदलत गेला

किर्लोस्करांची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्कर कडबा कापायच्या यंत्राकडे वळले, मग लोखंडी नांगराकडे. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर तयार, पण घ्यायला कोणी नाही, अशी दोन वर्षं गेली. विचार करा, तुमचा माल दोन वर्षं गोदामात पडून राहिला तर काय कराल?

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरानंतर पंप आले, डिझेल इंजिन आलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली.

सायकल ते इंजिन, म्हणजे माल पूर्ण बदलला. गावही बदललं. पण कडबा कापायच्या यंत्रापासून पुढे एक धागा दिसतो: शेतकऱ्याचे कष्ट कमी करणारं, भरवशाचं यंत्र. माझ्या मते हेच त्यांचं वचन. ते पक्कं होतं म्हणून नवीन काय बनवायचं हे ठरवणं सोपं गेलं.

२. चितळे: माल तोच, पद्धत बदलली

आता उलटं उदाहरण. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये सांगली जिल्ह्यात भिलवडीला दुधाचा व्यवसाय सुरू केला. १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधू मिठाईवाले आले. दूध, मिठाई, बाकरवडी. घरातल्या आजीला माहीत असलेला माल नातवालाही माहीत आहे.

म्हणून काहीच बदललं नाही का? बाकरवडी आता मशीनवर बनते. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद, यावर तर अख्ख्या महाराष्ट्रानं विनोद केले. जुलै २०१७ पासून दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा त्याची चक्क बातमी झाली!

गिऱ्हाईक चितळ्यांकडे कशासाठी जातं? पुडा न फोडताच आतली चव माहीत असते, म्हणून. बाकरवडी हातानं वळली की मशीननं, हे कोणी विचारत नाही. पण चवीत फरक पडू द्या, पहिली तक्रार पुणेकरच करणार.

३. सर्किट सिटी: मोठं नाव, तरी बंद

हे आमच्या तापकीर गल्लीवाल्यांनी नीट वाचा. सर्किट सिटी ही अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची प्रचंड साखळी. जिम कॉलिन्स यांच्या 'गुड टू ग्रेट' या २००१ च्या गाजलेल्या पुस्तकात ज्या ११ कंपन्यांचं कौतुक आहे, त्यात ही एक.

२००७ मध्ये खर्च वाचवायला कंपनीनं सुमारे ३,४०० जास्त पगाराच्या विक्रेत्यांना काढलं आणि कमी पगारावर नवे घ्यायचं ठरवलं. २००९ मध्ये सगळी दुकानं बंद. कारणं अनेक होती, मंदीही होती. पण टीव्ही घ्यायला आलेल्या माणसाला नीट समजावून सांगणारा जुना माणूसच जर गेला, तर गिऱ्हाइकानं त्याच दुकानात का यावं? ताळेबंदात जो खर्च दिसत होता, तोच गिऱ्हाइकासाठी त्या दुकानाचा खरा माल होता.

आणि पुस्तकात नाव आलं म्हणजे कायमचं सर्टिफिकेट मिळालं असं नाही, हेही यातून कळतं.

मग तुमच्या दुकानाचं काय?

तिन्ही उदाहरणांचा हिशोब एकच. गिऱ्हाईक ज्या एका गोष्टीसाठी तुमच्याकडे परत येतं, ते तुमचं वचन. ते सांभाळायचं. बाकी माल, जागा, वेळ, मशीन, बिल बनवायची पद्धत हे सगळं बदलायला तुम्ही मोकळे आहात.

पुस्तकाच्या दुकानाचं बघू. "आम्ही पुस्तकं विकतो" हे वचन नाही, ते तर मोबाइलवरही मिळतं. "या वर्षीच्या अभ्यासक्रमाचं बरोबर पुस्तक, एकाच फेरीत" हे वचन आहे. एकदा हे कळलं की पुढचे निर्णय आपोआप सुटतात. व्हॉट्सअॅपवर यादी घ्यायची? जरूर घ्या, त्यानं वचन पक्कं होतं. अभ्यासक्रम बदलल्यावर जुना साठा "चालेल हो" म्हणून गळ्यात मारायचा? अजिबात नाही. त्या दिवशी गल्ल्यात दोनशे रुपये जास्त येतील, पण ते पालक पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या दुकानात दिसतील.

आजचा गृहपाठ

१. पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "तुम्ही आमच्याकडेच का येता?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. "भाव कमी म्हणून" असं पाचही जण म्हणाले तर सावध व्हा. उद्या कोणीतरी दोन रुपये आणखी कमी करेलच.

२. त्यातून एका ओळीचं वचन लिहा आणि गल्ल्यामागे चिकटवा. ते फक्त तुमच्या डोक्यात राहिलं, तर तुमच्याबरोबरच जाईल. मुलाला, सुनेला, काउंटरवरच्या पोऱ्यालाही ते पाठ हवं.

३. चार दिवस दुकानात जाऊ नका. परत आल्यावर बघा, वचन पाळलं गेलं का? नसेल, तर धंदा अजून एकट्या तुमच्यावरच उभा आहे. दुसरी शाखा काढायच्या आधी हे दुरुस्त करा.

तुमची एक ओळ व्हिडिओखाली लिहा, मी प्रत्येक वाचतो. पुढच्या भागात बोलू उधारीवर. वचन कितीही चांगलं असलं, तरी वसुली नसेल तर शटर खाली येतंच!