लांब इंग्रजी शब्द, त्यांतील समान अक्षरे आणि जुन्नरचे शिलालेख

नारायणगावहून खोडदच्या बाजूला निघाले की शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर असून अशा एकूण ३० तबकड्या या परिसरात पसरलेल्या आहेत. दिवंगत शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीचे नाव 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' असे आहे. आपल्या तालुक्यातील मुलांच्या दृष्टीस पडणाऱ्या इंग्रजी नावांपैकी हे बहुधा सर्वांत लांब नाव असावे. मुले तबकड्यांकडे कौतुकाने पाहतात. नाव मात्र कोणी वाचत नाही.

लांब शब्दापुढे थबकणे ही आपल्या विद्यार्थ्यांची जुनी अडचण होय. घरात शिकणारी पहिलीच पिढी, घरी इंग्रजी ऐकण्याची सोय नाही, आणि पाठ्यपुस्तकात बारा-पंधरा अक्षरांचा शब्द समोर उभा राहतो. मूल पहिली तीन अक्षरे उच्चारते, उरलेला शब्द अंदाजाने पुरा करते आणि अर्थ सोडून देते. इंग्रजीच्या धास्तीने दहावीपूर्वी दप्तर बाजूला ठेवलेली मुले आम्ही पाहिली आहेत. पाठांतराने ही धास्ती जात नाही, असे आमचे मत झाले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात एक वेगळी वाट मांडत आहोत. ज्या शब्दांत काही अक्षरे समान आहेत, ते शब्द एकत्र आणावेत आणि त्या समान अक्षरांचा अर्थ शोधावा.

वरील नावच घेऊ. 'टेलि' म्हणजे दूर आणि 'स्कोप' म्हणजे पाहणे; हे दोन्ही तुकडे ग्रीक भाषेतून आले. दूरचे पाहण्याचे साधन तो टेलिस्कोप, दूरचा आवाज पोहोचवणारा तो टेलिफोन, आणि दूरचे दृश्य दाखवणारे ते टेलिव्हिजन. १९७१ साली आर्वी येथे विक्रम उपग्रह भू-केंद्र सुरू झाले, तेव्हा या भागात 'टेलिकम्युनिकेशन' हा शब्द आला. त्याच्याही आरंभी तोच 'टेलि' आहे. दुसऱ्या बाजूने 'स्कोप' धरला तर सूक्ष्म वस्तू दाखवणारा मायक्रोस्कोप आणि डॉक्टरांच्या गळ्यातील स्टेथोस्कोप हाती लागतात. 'स्टेथो' म्हणजे छाती. येथे डॉक्टर डोळ्यांनी पाहत नाहीत, कानांनी पाहतात. तरी शब्द तोच राहिला. राहता राहिला 'मीटर'. मीटर म्हणजे माप. थर्मामीटर व किलोमीटर यांत तो आहेच. 'जिऑमेट्री' या शब्दातही आहे. 'जिओ' म्हणजे भूमी आणि 'मेट्री' म्हणजे मोजणी. आपण त्या विषयाला भूमिती म्हणतो, म्हणजे भू अधिक मिती. दोन भाषांनी एकच शब्द एकाच रीतीने जोडलेला आहे, हे फळ्यावर लिहून दाखविले की वर्गातील मुलांना इंग्रजी शब्द परका वाटेनासा होतो.

'ग्राफ' हा तुकडा आम्हाला विशेष प्रिय आहे, कारण तो आपल्याला थेट डोंगरावर नेतो. 'ग्राफ' म्हणजे लिहिणे. 'फोटो' म्हणजे प्रकाश, म्हणून प्रकाशाने लिहिलेले ते फोटोग्राफ. 'बायो' म्हणजे जीवन, म्हणून बायोग्राफी म्हणजे चरित्र. त्यापुढे स्वतः या अर्थाचा 'ऑटो' लावला की ऑटोबायोग्राफी, आत्मचरित्र. तेरा इंग्रजी अक्षरांचा वाटणारा हा डोंगर जवळ जाताच तीन टेकड्यांत विभागला जातो. आता 'एपि' म्हणजे वर. दगडावर, ताम्रपटावर कोरलेल्या लेखांचा अभ्यास तो एपिग्राफी. या शास्त्राचे साहित्य जुन्नरला वेगळे शोधावे लागत नाही. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा या डोंगरांत ते दोन हजार वर्षे उघड्यावर पडून आहे.

ब्राह्मी लिपी एकेकाळी कोणालाच वाचता येत नव्हती. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये तिचे कोडे उलगडले. त्यांच्यासमोर सांचीच्या स्तूपाभोवतालचे लहान लहान लेख होते. त्यांतील बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्यांच्या ध्यानी आले. स्तूपाजवळ एवढ्या लोकांनी एकच शब्द कशासाठी कोरला असेल? दान दिले म्हणून. तो शब्द 'दानं' निघाला, आणि त्यातील अक्षरांच्या आधाराने पुढील अक्षरे सुटत गेली. त्या शब्दाच्या आधी वारंवार येणारा 'स' म्हणजे आपल्या मराठीतील 'चा', म्हणजे अमक्याचे दान. समान अक्षरे शोधणे आणि त्यांना अर्थ लावणे, एवढीच ही रीत होती. आठवीच्या वर्गात जी रीत आम्ही सुचवितो ती हीच होय. प्रिन्सेप यांच्यापाशी शब्दकोश नव्हता, आपल्यापाशी आहे.

जुन्नरच्या लेखांत 'दानं'ऐवजी बहुधा 'देयधम' हा शब्द येतो. देय म्हणजे द्यावयाचे आणि धम म्हणजे धम्म, मिळून धर्मदान. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदत्ताचे दान नोंदलेले आहे. त्यात 'चेतियघर' हा शब्द आहे. चेतिय अधिक घर. त्यातील 'घर' आपण आजही जसेच्या तसे बोलतो. एका यवन दात्याने संघासाठी 'भोजणमटप' करविला. 'मटप' म्हणजे मंडप हे कळले की भोजनाचा मंडप आपोआप कळतो. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने 'बे पोढियो', म्हणजे पाण्याची दोन टाकी, दिली. यातील 'बे' पाहून आमचे विद्यार्थी हसतात, कारण 'बे एके बे' म्हणतच ते मोठे झालेले असतात. मानमोडीवर नहपान राजाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्यात ४६ हे वर्ष असून पोढी व मटप हे दोन्ही शब्द पुन्हा भेटतात. या लेखांत आजच्यासारखी शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याची पद्धत नाही. सबंध ओळ एकाच लांबलचक शब्दासारखी दिसते. ज्यांनी ती वाचली त्यांनी ती तुकड्यांनीच वाचली.

समान अक्षरे फसवितातही, याची जाणीव मुलांना वेळीच द्यावी. मॅन्युअल, मॅन्युफॅक्चर, मॅन्युस्क्रिप्ट या शब्दांच्या आरंभी एम-ए-एन ही अक्षरे पाहून विद्यार्थी तेथे माणूस शोधतात. तेथे माणूस नाही, हात आहे. लॅटिन भाषेत 'मानुस' म्हणजे हात. हाताने लिहिलेले ते मॅन्युस्क्रिप्ट, म्हणजे हस्तलिखित. हाच हात 'इमॅन्सिपेशन' या शब्दात लपलेला आहे. रोमन लोकांत मालकी हक्क हाताने धरून घेतला जाई. त्या हातातून सोडविणे म्हणजे इमॅन्सिपेशन, दास्यमुक्ती. कोशात नुसता 'मुक्ती' हा अर्थ वाचला तर तो हात दिसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९३६ सालचा 'ऍनाइहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ आपल्या बहुतेक घरांत परिचित आहे. पहिला शब्द मात्र पुष्कळांना उच्चारताही येत नाही. त्यातील 'निहिल' म्हणजे शून्य, काहीही नाही. ऍनाइहिलेशन म्हणजे एखादी गोष्ट शून्यावर आणणे. मराठीत आपण 'निर्मूलन' म्हणतो, त्यात मूळ उपटण्याची कल्पना आहे. इंग्रजी शब्द अधिक कठोर आहे असे आम्हाला वाटते. मूळ उपटले तरी झाड पडलेले दिसते, येथे काहीच शिल्लक राहत नाही.

आंबेगाव तालुक्यातील पालकांना 'रिहॅबिलिटेशन' हा शब्द वेगळा सांगावयास नको. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळचे आंबेगाव गाव गेले. या शब्दातील 'रि' म्हणजे पुन्हा, आणि पुढील भागात 'समर्थ' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणून शब्दशः अर्थ पुन्हा समर्थ करणे. मराठी 'पुनर्वसन' पुन्हा वसविण्यापुरते बोलते. कागदावरचे हे दोन शब्द शेजारी ठेवून आपल्याला कोणता मिळाला, हे ज्याने त्याने पाहावे. त्याच कागदावरील 'कॉम्पेन्सेशन' या शब्दात 'पेन्स' आहे, तोच पेन्शनमध्ये व एक्स्पेन्समध्येही आहे. त्याचा मूळ अर्थ तोलणे, वजन करणे. गेले त्याच्या भारोभार परत देणे, असा त्या शब्दाचा करार आहे.

ही रीत घरीही करता येते आणि त्यासाठी पालकांना इंग्रजी येण्याची गरज नाही. मुलाने वहीच्या एका पानावर एकच तुकडा लिहावा आणि तो असलेले शब्द पुस्तकात, औषधाच्या वेष्टनावर, एस.टी. स्थानकावरील पाट्यांवर सापडतील तसे त्याखाली उतरवावेत. पालकांनी फक्त विचारावे, 'या सगळ्यांत सारखे काय आहे?' आरंभासाठी 'ट्रान्स' हा तुकडा घ्यावा. त्याचा अर्थ पलीकडे, एकीकडून दुसरीकडे. ट्रान्सपोर्ट, ट्रान्सलेशन, ट्रान्सफर हे शब्द लगेच सापडतील. वाफ्यातील टोमॅटोची रोपे काढून सरीवर लावणे म्हणजे ट्रान्सप्लांटेशन. आणि बांधावरचे जे यंत्र जळाले की सबंध शिवाराचे पाणी थांबते, गावात ज्याला सर्रास डीपी म्हणतात, त्याचे पूर्ण नाव ट्रान्सफॉर्मर आहे. त्यातील 'फॉर्म' चा अर्थ मुलांनी स्वतः शोधावा. तो 'युनिफॉर्म' मध्ये आहे, म्हणजे त्यांच्या अंगावरच आहे.