ओहोटीच्या ओढीत नांगर टाकण्याआधी

खाडीत जिताडा धरायचा तर ओहोटी साधावी लागते. पाणी उतरू लागलं की कांदळवनातली कोलंबी आणि बोइटाची पिल्लं मुख्य धारेत येतात. जिताडा पुलाच्या खांबाआड, खडपाच्या कडेला त्यांची वाट बघत असतो. म्हणजे मासा हवा तर कयाक नेमकी तिथेच थांबवायची, जिथे पाण्याला ओढ आहे. एका हातात गळ आणि दुसऱ्यात वल्हं असं फार वेळ जमत नाही, म्हणून नांगर लागतो. धरणाच्या पाण्यात तो निव्वळ सोयीचा असतो. खाडीत मात्र नांगर धरला की धावत्या पाण्यात आपण तळाशी बांधले जातो, आणि ही गाठ हवी त्या क्षणी, एका हाताने सुटली पाहिजे.

रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते, पलीकडे कोर्लईचा किल्ला. उधाणाला इथे पाणी तीनेक मीटर चढतं-उतरतं, पण सारख्या वेगाने नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ हिशेब आहे. निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच निघून जातं. भरतीच्या वेळेसाठी कोकणातली जुनी रीत पाठ असावी: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. अष्टमीच्या भांगाला ओढ कमी, पुनवेच्या-अवसेच्या मागोमाग सगळ्यात जास्त.

वद्य द्वितीयेची दुपार होती. माझ्यासोबतच्या मित्राची कयाक जुनी, विकत घेतलेली. नांगराची जोडणी आधीच्या मालकानेच केलेली होती: आसनाच्या बाजूला असलेल्या मुठीत कॅराबिनर आणि त्यात दोर. भरती दीडला झाली होती. चारच्या सुमारास ओहोटी ऐन जोरात आली, समोरून समुद्राचा वारा सुटला आणि पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठू लागल्या. त्याचा नांगर खडपात अडकला होता. दोर ताणला तशी कयाक प्रवाहाला आडवी झाली. वरच्या बाजूची कड खाली गेली, तिच्यावरून पाणी आत चढलं, आणि ते वजन कडेला आणखी खाली दाबू लागलं. तो दोन्ही हातांनी कॅराबिनरशी झटत होता. मी ओरडत होतो, ‘सोड, दोर सोड!’ पण ताणलेल्या दोरातून कॅराबिनर सुटत नाही. तो काढायला दोर थोडा सैल लागतो, आणि ओहोटीत तो सैल मिळत नाही. कयाक उलटली. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून तो तरंगत माझ्याकडे आला. माझ्या कयाकच्या मागच्या टोकाला धरून आम्ही वाहत जाऊन चिखलाला लागलो. त्याची कयाक मात्र पाणी थांबेपर्यंत तिथेच दोराला गचके देत होती.

तेव्हापासून कुणी नवी कयाक दाखवली की मी आधी दोर कुठे जोडलाय ते बघतो. बाजूला जोडलेला असेल तर मासेमारीचं पुढचं काही बोलूच नये. ओढ नेहमी टोकावर यायला हवी. त्यासाठी कयाकच्या एका कडेने, पुढे आणि मागे एकेक कप्पी लावून दोरीचा फेरा फिरवतात. फेऱ्याला स्टीलची कडी असते. आसनावर बसूनच फेरा ओढला की कडी टोकाला जाते. ओढीच्या पाण्यात ती पुढच्या टोकालाच ठेवावी. मागचं टोक चपटं आणि बुटकं असेल तर त्यावरून पाणी सहज चढतं.

खरी मेख सुटण्याच्या जागी आहे. नांगराचा दोर वर येऊन एका बोयाला बांधायचा. जाळ्यांच्या दुकानात मिळतो तसा, सगळा दोर पेलून तरंगेल इतका मोठा बोया घ्यावा. बोयापासून एक वेगळा आखूड दोर कडीतून ओवून आसनाजवळच्या कॅम क्लीटमध्ये अडकवायचा. हा दोर वर झटकला की ताणाखालीही क्लीटच्या दातांतून निसटतो, कडीतून सळसळत बाहेर जातो, आणि बोया पाण्यावर राहतो. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते: बोया नेहमी कडीच्या पलीकडे, पाण्याच्या बाजूला हवा. तो आसनाजवळ ठेवला तर दोर सुटेल, पण बोया कडीत येऊन अडकेल आणि पुन्हा तेच संकट. आखूड दोराच्या टोकाला गाठ नको, फास नको. मेणबत्तीवर वितळवून टोक गुळगुळीत करावं. काही जण स्नॅप शॅकल वापरतात. तोही ताणाखाली सुटतो, पण खाडीचा चिखल त्याच्या स्प्रिंगमध्ये बसतो, म्हणून माझी पसंती क्लीटला. दर खेपेनंतर क्लीट गोड्या पाण्याने धुवावा आणि दात बोटाने फिरवून बघावेत.

घरी आल्यावर नाही, निघायच्या आधी जमिनीवर चाचणी घ्यावी. कयाक वाळूत ठेवून दोघांना बोयाकडून दोर जिवाच्या आकांताने ओढायला सांगावं, आणि आपण डोळे मिटून, डाव्या हाताने तो सोडून बघावा. एकदा सुटला म्हणून भागत नाही. दोर ओला करून, वाळू लावून पुन्हा. क्लीट अडलाच तर लाइफ जॅकेटच्या छातीवर, बोथट टोकाचा, करवती धारेचा चाकू हवा.

दोर खोलीच्या निदान पाचपट असावा: चार मीटर पाण्यात वीस मीटर. आखूड दोर नांगर उचलतो, नाहीतर कयाकचं तोंड खाली खेचतो. दीड किलोचा चार फाट्यांचा नांगर आणि मीटरभर साखळी पुरते. खडपाळ जागी साखळी नांगराच्या तळाला शॅकलने जोडून वरच्या कडीला फक्त प्लास्टिकच्या पट्टीने बांधावी. अडकला तर जोराच्या ओढीने पट्टी तुटते आणि नांगर उलट्या बाजूने खेचला जातो.

या खाडीत बार्जची ये-जा असते. बार्ज दिसली की अंदाज बांधत बसू नये, दोर सोडून कडेला जावं. बोया परत घ्यायला खालून, प्रवाहाविरुद्ध वल्हवत यावं आणि दोर पुढच्या टोकावरूनच ओढावा. निघत नसेल तर पाणी थांबेपर्यंत थांबावं. तरीही नाही निघाला, तर जमेल तितक्या खोलवर दोर कापून वरचा सगळा सोबत न्यावा, कारण तरंगता दोर नंतर होड्यांच्या पंख्यात गुंततो.