उतरण्यापूर्वीची एक ओळ : विमानतळाचा हवामान अहवाल

गेल्या पावसाळ्यात नववीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, काल शहरावरून उतरणारे विमान आज जालन्याच्या बाजूने का आले?" इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न परका होता. परंतु कागदपत्रे वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे उत्तरही एका दस्तऐवजातच शोधले. तो दस्तऐवज अवघ्या एका ओळीचा असतो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ सालची. त्याची एक वेधशाळा आपल्या चिकलठाणा विमानतळावर आहे. तेथे वारा, दृश्यमानता, ढग, तापमान आणि वायुदाब यांची नोंद होते आणि ती ठरावीक वेळेने सांकेतिक भाषेत प्रसारित केली जाते. पावसाळी सकाळची अशी एक ओळ नमुन्यादाखल घेऊ :

व्हीएएयू १५०३००झेड २४०१२केटी ३००० -आरए बीकेएन०१५ २४/२२ क्यू१००५ नोसिग

पहिली चार अक्षरे विमानतळाची. 'व्हीए' वरून पश्चिम भारताचे हवाई क्षेत्र कळते. 'एयू' ही अक्षरे औरंगाबाद या नावातून आलेली. शहराचे नाव बदलले, संकेत मात्र तोच राहिला. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा खुणा फार उपयोगी पडतात. पुढे तारीख १५ आणि वेळ ०३००. ही जागतिक प्रमाणवेळ आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे साडेआठ होतात. देशभरातील वेधशाळा दिवसाचा पाऊस मोजतात तो याच वेळेला.

नंतर वारा : २४० अंशांकडून, म्हणजे नैर्ऋत्येकडून, ताशी १२ नॉट, सुमारे २२ किलोमीटर. अहवालात वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो ती लिहितात, हे ध्यानात ठेवावे. दृश्यमानता ३००० मीटर, हलका पाऊस. आकाशाचे आठ भाग कल्पिले तर पाच ते सात भाग ढगांनी व्यापलेले आणि ढगांचा तळ जमिनीपासून १५०० फुटांवर. तापमान २४, दवबिंदू २२. हे दोन आकडे जितके जवळ, तितकी हवा दमट आणि धुक्याची शक्यता अधिक. 'नोसिग' म्हणजे पुढील दोन तासांत लक्षणीय बदल अपेक्षित नाही. संपूर्ण ओळीत एकही विशेषण नाही, कोणाची भीड नाही. इतके निर्लेप साधन इतिहासात मी क्वचितच पाहिले.

'क्यू१००५' हा वायुदाबाचा आकडा सर्वांत कमी समजला जाणारा आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा. विमानातील उंचीमापक हा मुळात वायुदाबमापकच असतो. वैमानिकाने त्यावर विमानतळाचा सागरसपाटीला जुळवलेला दाब लावला, तरच उंची खरी दिसते. दाब १००५ हेक्टोपास्कल असताना यंत्रावर १०१५ राहिला, तर विमान यंत्र दाखवते त्याहून सुमारे ८० मीटर खाली असते. ढगांतून उतरताना ८० मीटर म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणूनच नियंत्रकाने हा आकडा सांगितल्यावर वैमानिकाने तो तोंडी परत उच्चारावा लागतो.

मोठ्या विमानतळांवर ही माहिती ध्वनिमुद्रित करून सतत प्रसारित केली जाते. प्रत्येक नव्या आवृत्तीला अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे क्रमाने अक्षर मिळते. वैमानिक नियंत्रकाशी बोलताना आपल्याजवळ कोणते अक्षर आहे ते सांगतो. एकाजवळ जुनी माहिती आणि दुसऱ्याजवळ नवी, असे होऊ नये यासाठी ही साधी युक्ती.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. आपली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांचे क्रमांक ०९ आणि २७, म्हणजे ९० आणि २७० अंश. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते, कारण त्यामुळे जमिनीवरील वेग कमी राहतो आणि थांबण्यास कमी अंतर लागते. वारा पश्चिमेकडचा असेल तर ते जालन्याच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरेल.

वारा पाठीवर घेऊन उतरण्याची किंमत ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे दिसली. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर उतरत होते. पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या वेळी ते विरुद्ध टोकाकडून आले. मनोऱ्यातून वारा २५० अंशांकडून ८ नॉट असा कळवला गेला होता. धावपट्टी १०० अंशांच्या दिशेची, म्हणजे वारा पाठीवरचा. प्रत्यक्ष उतरताना तो १४ नॉटच्या घरात होता, असे चौकशी अहवाल सांगतो. २७०० मीटरच्या धावपट्टीवर विमानाची चाके सुमारे १३५० मीटर पुढे टेकली. विमान टोकापलीकडे दरीत गेले. १९० जणांपैकी २१ मृत्युमुखी पडले. त्यांत दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले, वायुसेनेतील अनुभवी अधिकारी होते. उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जावयास हवे होते, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. दोष कोणाचा किती, हा तज्ज्ञांचा विषय. मला लक्षात राहतो तो ८ आणि १४ यांमधील फरक. मनोऱ्याचा आकडा एका क्षणाचा असतो, वारा त्यानंतरही बदलत राहतो.

तापमानाचा आकडाही असाच. आपल्या चिकलठाण्यावर २६ एप्रिल १९९३ रोजी झालेला अपघात उड्डाणाच्या वेळचा होता. भर उन्हात पूर्ण भरलेले विमान धावपट्टीच्या टोकाजवळ जमिनीवरून उठले आणि पलीकडील रस्त्यावरून कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले. ५५ जण दगावले. तापलेली हवा विरळ असते, पंखांना आधार कमी मिळतो, धाव लांबते.

पालकांसाठी आणखी एक माहिती. ही नोंद करणारी माणसे स्पर्धा परीक्षेतून येतात. हवामान विभागातील सायंटिफिक असिस्टंट पदासाठी कर्मचारी निवड आयोगाने २०२२ मध्ये ९९० जागा जाहीर केल्या होत्या. भौतिकशास्त्रासह विज्ञानाची पदवी त्यासाठी चालत होती. नियंत्रण मनोऱ्यातील पदांसाठी भौतिकशास्त्र आणि गणित विषयांसह पदवी लागते. विद्यार्थिनीचा प्रश्न ऐकल्यापासून नववीच्या फळ्यावर रोज अशी एक ओळ लिहिली जाते, आणि उलगडण्याची पाळी हजेरीच्या क्रमाने येते.