पुनर्वसनासाठी राखीव जमीन

‘राखीव’ हा शब्द कागदावर सोपा दिसतो. आपल्या बारामती-इंदापूर भागात त्याचा अर्थ उजनीमुळे नीट कळतो. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. जुने पळसदेव पाण्याखाली गेले. पाण्याचा लाभ ज्याला, त्याने मर्यादेवरील जमिनीचा वाटा विस्थापिताला द्यावा, हे १९७६ च्या पुनर्वसन कायद्याचे तत्त्व १९९९ च्या कायद्यातही कायम राहिले. त्यासाठी लाभक्षेत्रातील खरेदी-विक्रीवर निर्बंध येतात. सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरात तशी नोंद होते. त्याऐवजी गायरान दिले, तर गावची गुरे चरायची कोठे? म्हणून माझ्या मते नुसत्या नोंदीने पुनर्वसन होत नाही. मोजणी, ताबा आणि पाणी ही तिन्ही मिळाली, तरच ती जमीन विस्थापिताची झाली म्हणावे.